आधी फूट, मग मीटर

मी आयुष्यात समुद्र दोनदा पाहिला. दोन्ही वेळा लग्नाच्या निमित्ताने, आणि दोन्ही वेळा घोट्याच्या वर पाण्यात गेलो नाही. तरी माझ्या दुकानातल्या खालच्या खणात पाणबुड्यांची सतरा घड्याळं आहेत.

दुकान अंबाजोगाईत, मंडी बाजारात. वडिलांनी टाकलेलं. आता लोक वेळ मोबाइलमध्ये बघतात, त्यामुळे दिवसभरात चार सेल बदलले की माझं काम संपतं. उरलेला वेळ मी जुन्या घड्याळांच्या डायली बघण्यात घालवतो. बायकोच्या मते हा आजार आहे, आणि एवढं मोठं सरकारी मेडिकल कॉलेज गावात असून त्यावर औषध नाही.

ज्यांना हा आजार नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाण्यात उतरणाऱ्यांसाठी साठ-सत्तर वर्षांपूर्वी काही कंपन्यांनी जाड काचेची, बोजड घड्याळं केली. एकाच कंपनीचं, एकाच सालचं, एकाच साच्यातलं घड्याळ घ्या. एकाच्या डायलवर सहाच्या आकड्याचं पोट मिटलेलं असतं, दुसऱ्याच्या डायलवर किंचित उघडं. एकावर नाव काचेच्या मध्याकडे सरकलेलं, दुसऱ्यावर केसभर वर. हे फरक शोधायचे, फोटो काढायचे आणि आपल्यासारख्याच रिकामटेकड्या लोकांशी त्यावर भांडायचं. सगळ्यात जास्त भांडण होतं ते खालच्या बारीक ओळीवरून. घड्याळ किती खोल पाण्यात टिकेल ते तिथे छापलेलं असतं. काहींवर आधी मीटर आणि मग फूट, काहींवर आधी फूट आणि मग मीटर. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर केजचे एक बागायतदार आहेत, अमरसिंह. त्यांनी एकदा लिहिलं होतं की एका ठरावीक मॉडेलची ‘आधी फूट’वाली डायल जगात कुठे नाहीच, असेल त्याने दाखवावी.

ती मी दर वर्षी हातात धरत होतो. ती शहादेवची होती.

शहादेव मांजरा धरणाच्या काठावरच्या एका वस्तीत राहायचा. साठीला आलेला, काटक, पाण्याने एक कान गेलेला, म्हणून जरा मोठ्याने बोलणारा. विहिरीत, तलावात, धरणात कुणी बुडालं की पोलीस त्यालाच बोलवायचे. त्याने एकही माणूस पाण्यात सोडला नाही, असं तालुकाभर म्हणत. घड्याळ त्याला मुंबईच्या पाणबुड्यांनी दिलेलं. धरणाच्या दरवाजाच्या कामाला ते आले होते, तेव्हा हा पोरसवदा, त्यांचे डबे वाहायचा. जाताना त्यातल्या एकाने हातातलं काढून दिलं.

“मला आता पान्यात उतरायचं न्हाई म्हनला, तूच घे,” शहादेव सांगायचा. “कावून, ते न्हाई सांगितलं.”

दर वर्षी दसरा झाला की तो यायचा. पाणी आत शिरू नये म्हणून मागच्या झाकणाची रबरी रिंग बदलून घ्यायचा. घड्याळ काउंटरच्या काचेवर पालथं ठेवायचा. कधीच उताणं नाही.

“किती येळ लागंल?”

“बसा. अर्धा तास लागेल.”

मग समोरच्या स्टुलावर बसून रस्ता बघत राहायचा. घड्याळ ठेवून कधी गेला नाही. आणि दर वर्षी एकच सांगायचा: “शिवभाऊ, काच बदला, पट्टा बदला, पर डायलीला हात लावू नका.” काम झालं की घड्याळाकडे न बघताच कापडी पिशवीत टाकायचा. मी एकदा चेष्टेने विचारलं, नवरीचं तोंड आहे का ते? तो हसला नाही. म्हणाला, “पान्याच्या काठालाच बगायचं असतंय. येरवी न्हाई.”

यंदाच्या दसऱ्यानंतर तो आला तेव्हा मी ठरवून बसलो होतो. त्याच मॉडेलची एक साधी डायल माझ्याकडे होती, एका मेलेल्या घड्याळातून काढलेली. काळी, तशीच जुनी, तसेच पिवळे पडलेले ठिपके. फरक फक्त खालच्या ओळीत. त्याच्या डायलवर ‘६०० फूट = २०० मीटर’. माझ्या डायलवर ‘१५० मीटर = ५००  फूट’. इंग्रजीत, मुंगीच्या डोक्याएवढ्या अक्षरांत. उजेड नीट येत नाही असं म्हणून मी त्याच्याकडे पाठ केली. काटे काढले, दोन बारीक स्क्रू सैल केले, एक डायल काढली, दुसरी बसवली. हात कुठेही अडखळला नाही, हे मला आता सगळ्यात जास्त आठवतं.

“नीट हाय?” त्याने विचारलं.

“नीट आहे.”

त्याने न बघता घड्याळ पिशवीत टाकलं आणि गेला. मला चोरी केल्यासारखं वाटलं नाही. त्याला काय, वेळ कळल्याशी कारण. डायलची किंमत मला कळते, म्हणून ती माझ्याकडे असलेली बरी, असं मी मनाशी म्हणालो. माणूस स्वतःला किती गोड बोलून फसवू शकतो!

ती डायल मी काचेच्या झाकणाच्या एका छोट्या डबीत ठेवली. ग्रुपवर टाकायला फोटो काढायचा होता, पण रोज म्हणायचो, उद्या. अशी गोष्ट थोडे दिवस एकट्यानेच बघावीशी वाटते.

पंधराव्या दिवशी, सोमवारी दुपारी, मी फोटोसाठी डबी उघडली. डोळ्याला भिंग लावलं. खालच्या ओळीत ‘२२ फूट = २०० मीटर’ असं होतं.

मी भिंग पुसलं. चष्मा पुसला. डायल बाहेर उन्हात नेली. बावीसच. आकडा खरवडून नवीन छापल्याची खूण नव्हती. त्याच शाईचा, त्याच जाडीचा, कडांना तशाच बारीक भेगा पडलेल्या. एक अंक कमी झाला होता, तरी ओळ बरोबर मध्यावर होती. पंचवीस वर्षं मी खोट्या डायली पकडत आलोय. ही खोटी नव्हती.

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाचा फोटो काढायची मला सवय आहे. शहादेवच्या घड्याळाचे जुने फोटो काढून बसलो. बहुतेक वर्षी सहाशे. चार वर्षांपूर्वीच्या एका फोटोत मात्र ‘३१ फूट’ होतं. तेव्हा मी ते काचेवरच्या वाफेचा खेळ समजलो होतो. आणि तो दिवस मला आठवत होता. शहादेव अवेळी, घाईत आला होता. नांदूरघाटच्या विहिरीत एक बाई बुडाली म्हणून बोलावणं होतं आणि काचेत पाणी गेलं होतं. दोन दिवसांनी रस्त्यात भेटला तेव्हा मी विचारलं, सापडली का बाई? तो म्हणाला होता, “सापडली की. एकतीस फुटाव.”

मी तेव्हा फक्त एवढंच मनात म्हणालो होतो की गडी फारच नेमकं सांगतो.

फोन उघडला. गावाकडच्या ग्रुपवर बातमी होती. मांजराच्या काठावर मोटारीच्या पाइपात गवत अडकलं म्हणून सत्यम नावाचा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा पाण्यात उतरला, तो वर आलाच नाही. कालपासून शोध चालू. शहादेव परळीला लेकीकडे गेला होता, त्याला बोलावलंय, उद्या सकाळी उतरणार.

तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. गाडीवर तासभराचा रस्ता. मी निघायला हवं होतं. पण जाऊन काय सांगणार? तुमची डायल मी चोरली, ही घ्या, हिच्यावर आकडा आलाय? मी दुकानात चार वेळा उठलो, चार वेळा बसलो. शेवटी ठरवलं, सकाळी लवकर जाऊ, तो उतरायच्या आधी गाठू, काहीतरी निमित्त सांगून डायल परत बसवू. हत्यारं पिशवीत भरली. हे ठरवल्यावर बरं वाटलं, याची मला लाज वाटते.

सकाळी कळंब रस्त्याला ऊस घेऊन कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. मी पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते.

काठावर शंभरेक माणसं होती आणि आवाज अजिबात नव्हता. एका बाजूला सत्यमची आई, भिवराबाई, ओल्या मातीत पाय पसरून बसली होती. पोराची चप्पल मांडीवर. पाण्याच्या अगदी कडेला शहादेवची बायको रुक्मिणीबाई उभी होती, खांद्यावर त्याचा सदरा, हातात ती कापडी पिशवी. पिशवी रिकामी होती.

“वहिनी, शहादेवराव?”

“उतरले की. पाऊन तास झाला,” ती पाण्याकडे बघतच म्हणाली.

“पाऊण तास?”

“लई खोल हाय म्हनले. तिकडं.” तिने बोट दाखवलं. मोटारीच्या पाइपापासून बरंच लांब, धरणाच्या मध्याकडे एक होडी उभी होती. “जुनं गाव हाय तिथं पान्याखाली. गावाची हीर हाय. लहानपनी तिचंच पानी प्यायलेत ते.”

“पण पोरगं तर इथं बुडालं.”

“मी बी तेच म्हनलं. पर घड्याळ पान्यात धरलं, बगितलं, आन म्हनले दीडशे आलंय. आजपातूर इतकं कधी आलं न्हवतं, भाऊ. दीडशे फूट पानी म्हंजी हिरीशिवाय न्हाई कुटं.”

तिला इंग्रजी येत नव्हतं. त्यालाही नाही. त्याला फक्त आकडे वाचता यायचे, आणि तो नेहमी डावीकडचा पहिला आकडा वाचायचा, कारण त्याच्या डायलवर फूट आधी होते. माझ्या डायलवर मीटर आधी.

होडीतले दोघं दोर ओढायला लागले. एक दोर पुरला नाही म्हणून दुसरा जोडला होता. तो ओढता ओढता किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी टोक आलं. कमरेची गाठ होती तशीच होती, आवळलेली, न सुटलेली. आत माणूस नव्हता.

रुक्मिणीबाईने सदऱ्याची घडी घातली.

मी बाजूला जाऊन डबी उघडली. बावीसच. मग मी एकच शहाणपणाचं काम केलं. पोहणाऱ्या पोरांना म्हणालो, पाइपाच्या सरळ रेषेत जा, बावीस फुटांवर बघा. त्यांनी विचारलं, कशावरून? मी म्हणालो, शहादेवराव मागे म्हणाले होते. दुसऱ्याच बुडीत त्यांना सत्यम सापडला. कपारीत पाय अडकलेला. भिवराबाईचा हंबरडा मी ऐकला आणि माझ्या मनात आलं, निदान हिचं तरी माणूस हिला मिळालं.

पुन्हा डबी उघडली. ‘१५० फूट = २०० मीटर.’

दुसऱ्या दिवशी मोठ्या शहरातून साधनं घेऊन पथक आलं. नळकांडी, दिवे, पाण्याखालचा कॅमेरा. चार दिवस शोधलं. त्यांच्या साहेबाने सांगितलं, विहीर आहे, पण वरपर्यंत गाळाने भरलेली आहे. माणूस जाईल अशी फटसुद्धा नाही. आणि अख्ख्या धरणात चौसष्ट फुटांपेक्षा जास्त पाणी कुठेच नाही.

माझ्या डबीत त्या दिवशी एकशे अडतीस होते.

मग एकशे वीस. मग सत्त्याण्णव. मी दिवसातून चाळीस-पन्नास वेळा डबी उघडायचो. आकडा बदलताना कधीच दिसायचा नाही. झाकण लावायचं, उघडायचं, तो कमी झालेला असायचा. जेवण जाईना. गिऱ्हाईक बोलत असलं की मी त्याच्या तोंडाकडे बघायचो आणि हात खणाकडे जायचा. बायको म्हणाली, डॉक्टरला दाखवा. मी म्हणालो, दाखवतो.

अकराव्या दिवशी शून्य आलं.

मी गाडी काढली आणि काठावर गेलो. पाणी शांत होतं. मासे धरणारे होते, त्यांना विचारलं. काही वर आलेलं नाही, म्हणाले. रुक्मिणीबाईच्या घरी गेलो. तिने बांगड्या फोडल्या नव्हत्या. भावकीने दहाव्याचं काढलं तेव्हा तिने त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं.

“माती दिसल्याबिगर मी न्हाई करनार,” ती म्हणाली. “भाऊ, एक इचारू? तुमी घड्याळ नीट केलतं न्हवं?”

हीच वेळ होती. डबी माझ्या खिशात होती. मी उत्तर दिलं तेव्हा तिच्याकडे बघितलं नाही.

“नीट केलं होतं, वहिनी.”

तिने मान हलवली आणि मला चहा केला. मी तो प्यायलो.

परत आल्यावर, दुकानात बसून, डबी उघडली. फूट शून्यच होते. पण उजवीकडचा आकडा, जो इतक्या वर्षांत कधी हलला नव्हता, तो हलला होता. ‘० फूट = २७४०० मीटर.’ पाच अंक मावावेत म्हणून अक्षरं जराशी बारीक झाली होती. ओळ मध्यावरच.

गाडीच्या काट्यावर काठापासून माझ्या दुकानापर्यंत सत्तावीस किलोमीटर आणि थोडं वर होतं.

मी हिशोबी माणूस आहे. एका आकड्यावरून निष्कर्ष काढत नाही. तीन दिवसांनी आकडा एकोणीस हजारांवर आला तेव्हा मी डबी घेऊन बसने परळीला गेलो, म्हणजे धरणाच्या बरोबर उलट्या दिशेला. रेल्वे स्टेशनच्या बाकावर बसून उघडली. वीज केंद्राच्या राखेने भरलेल्या हवेत भिंगावर बारीक धूळ बसत होती. त्रेचाळीस हजार काही. संध्याकाळच्या आधी दुकानात परत आलो. अठरा हजार तीनशे.

म्हणजे अंतर होतं ते. डायलपासूनचं. किंवा माझ्यापासूनचं.

परळीला ती फेकून देता आली असती. रुळांवर टाकायची, वरून कोळशाची गाडी गेली असती. खरं सांगतो, माझा हात धजला नाही. आधी वाटलं भीतीने होत नाही. मग कळलं, तसं नाही. जगात अशी एकच डायल आहे, आणि मी ती मोडू शकलो नाही.

त्यानंतर दोन-अडीच हजार मीटर रोज. थकलेला माणूस दमादमाने चालेल तेवढंच.

काल चार हजार.

आज सकाळी दुकान उघडलं तेव्हा नऊशे. बस स्टँड माझ्यापासून साधारण तेवढ्यावर आहे.

आज मंगळवार, बाजाराचा दिवस. बारा वाजता तीनशे होते. ऊन चांगलं पडलंय. समोर बांगड्यांची गाडी लागलीय, बायका भाव करतायत. मी शेजारच्या पोराला म्हणालो, बघ रे, रस्त्याने कुणी ओलं माणूस येतंय का? तो हसला. म्हणाला, काका, पाऊस कुठंय?

मी बायकोला फोन करून जेवायला येत नाही असं सांगितलं.

दीड वाजता चाळीस. कोपऱ्यावरचा पानठेला चाळीस मीटरवर आहे. मी दारात जाऊन बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघितलं. ओळखीची तोंडं होती, अनोळखी होती. थांबलेलं कुणी नव्हतं.

मग मी आत येऊन तयारी केली. टेबलावर पांढरं कापड पसरलं. चिमटा, बारीक स्क्रूड्रायव्हर, झाकण उघडायची चावी. नवी रबरी रिंग, तिला लावायचं ग्रीस. सगळ्यांच्या मधोमध ती डायल, डबीतून काढून. घड्याळ त्याच्या मनगटावर आहे आणि त्याची वस्तू माझ्याकडे. दुसरं काय करता येण्यासारखं आहे?

नऊ मीटर.

बांगड्यांची गाडी पुढे गेली.

पाच.

मी दिवा जवळ ओढला. भिंग डोळ्याला लावलं आणि नजर डायलवर ठेवली. वर बघायचं नाही, असं ठरवलं. माझ्या खुर्चीपासून समोरचं स्टूल दोन मीटरवर आहे.

दोन.

काउंटरच्या काचेवर काहीतरी जड हळूच ठेवल्याचा आवाज आला. पालथं.

मी मान वर केली नाही. कुणी काही विचारण्याआधीच, दर वर्षीसारखं, मी म्हणालो,

“बसा. अर्धा तास लागेल.”